स्वयंपाकघरातली नाश्त्याची जागा: आधी वाट ठरवा, टेबल शेवटी घ्या

नाश्त्याची जागा नीट करायची असं ठरलं की बहुतेक घरांतली पहिली खेप फर्निचरच्या दुकानात होते. टेबल आवडतं, किंमत जमते, टेम्पोतून घरी येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतं की खुर्ची मागे ओढली की फ्रीज उघडत नाही. महिनाभरात त्या टेबलावर वर्तमानपत्रं, औषधांचा डबा आणि इस्त्रीचे कपडे साचतात, आणि माणसं सोफ्यावर मांडीवर ताटली घेऊन पोहे खातात. नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांत मी टेप घेऊन उभी राहिले आहे. चूक जवळजवळ सगळीकडे एकच होती: कामांचा क्रम उलटा.

खाली उदाहरण म्हणून एकच स्वयंपाकघर घेते, माझ्या ताईचं. डोंबिवलीतला टू-बीएचके, स्वयंपाकघर 8 फूट रुंद आणि 11 फूट लांब. एका लांब भिंतीला 24 इंच खोलीचा सरळ ओटा. एका टोकाला हॉलमधून येण्याची वाट, समोरच्या टोकाला ड्राय बाल्कनीचं दार. घरात चौघं: ताई, भावोजी, सासूबाई आणि सातची स्कूलबस पकडणारी भाची. तुमच्या घराची मापं वेगळी असतील, पण क्रम हाच ठेवा.

जवळ ठेवायच्या वस्तू: 5 मीटरचा टेप, ग्राफचा कागद, पेन्सिल, फरशीला चिकटून सहज निघणारी कागदी चिकटपट्टी, आणि फ्रीजचं किंवा वॉशिंग मशीनचं एखादं मोठं खोकं. ते खोकं फेकू नका, पुढे लागणार आहे.

1. तीन सकाळी काही न हलवता नुसतं बघा

त्यातल्या दोन कामाच्या दिवशीच्या असू द्या आणि एक रविवारची. सव्वासहा ते नऊ या वेळात स्वयंपाकघरात कोण येतं, कशासाठी येतं, कुठून कुठे जातं, हे लिहा. फ्रीजला एक कागद लावा आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागून किंवा बाजूने कोणी गेलं की एक रेघ मारा. रेघेशेजारी कारण एका शब्दात लिहा: पाणी, चमचा, साखर, टॉवेल, केर.

ताईकडे पहिल्याच सकाळी पंचवीसच्या वर रेघा झाल्या. आम्हाला वाटलं होतं की अडचण टेबलाची आहे. कागद वाचल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त खेपा पाण्यासाठी आणि चमचे-वाट्यांसाठी होत्या. पाण्याचा प्युरिफायर सिंकच्या वर होता आणि चमच्यांचा कप्पा शेगडीच्या बरोबर खाली. म्हणजे एका बाजूला फोडणी तडतडते आहे आणि त्याच वेळी गुडघ्याजवळ कोणीतरी ट्रॉली ओढतं आहे. टेबल कितीही चांगलं आणलं असतं तरी या खेपा थांबल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: एकाच वेळी प्रत्यक्षात किती जण बसतात? घरात चार माणसं आहेत म्हणून चार खुर्च्या, हा हिशेब कामाच्या दिवशी चुकतो. भाची पावणेसातला बसते, सासूबाई साडेसातला, भावोजी पावणेआठला, आणि ताईचा चहा सगळे गेल्यावर. एका वेळी दोघं, फार तर तिघं. रविवारी मात्र चौघं एकत्र. रोजची मांडणी दोघा-तिघांसाठी करायची आणि रविवारची सोय वाढवता येईल अशी ठेवायची. रविवारच्या गर्दीसाठी रोजची वाट अडवू नका.

तपासा: तुमच्या कागदावर "कोण बसलं"पेक्षा "कोण उठून कशासाठी गेलं" याच्या नोंदी जास्त असायला हव्यात. तशा नसतील तर आणखी एक सकाळ बघा.

2. मापं घ्या, पण सगळं उघडून

खोलीची लांबी-रुंदी सगळेच मोजतात. फसतात ते उघड्या दारांत. फ्रीजचं दार पूर्ण उघडा आणि भाजीचा ट्रे बाहेर ओढा, मग मोजा. ओट्याखालची सगळ्यात खोल ट्रॉली पूर्ण बाहेर काढा, साधारण 20 इंच येते, आणि तिच्यासमोर वाकून उभं राहायला लागणारी जागा त्यात मिळवा. सिलेंडरच्या कप्प्याचं दार उघडून मोजा. बाल्कनीचं दार आत उघडतं की बाहेर, ते बघा. भिंतीवरच्या फळ्या आणि कपाटं जमिनीपासून किती उंच आहेत आणि भिंतीपासून किती पुढे आली आहेत, हेही लिहा. उठताना डोकं आपटतं ते तिथेच.

भिंती नवीन इमारतींतही अगदी काटकोनात नसतात. म्हणून लांबी तीन ठिकाणी मोजा: फरशीजवळ, कमरेच्या उंचीला आणि खिडकीच्या उंचीला. त्यातलं सगळ्यात कमी माप धरा.

माणसाला लागणारी जागा ढोबळपणे अशी धरते:

टेबलाची उंची 29-30 इंच, खुर्चीच्या बैठकीची 17-18 इंच. दोन्हींत 11-12 इंचांचं अंतर हवं, नाहीतर मांड्या घासतात किंवा खांदे वर उचलून जेवावं लागतं. एका माणसाला टेबलाच्या कडेला 24 इंच रुंदी आरामात पुरते, 21 इंचांत दाटी होते पण भागतं. बसलेल्या माणसासाठी टेबलाच्या कडेपासून मागे 20 इंच लागतात आणि खुर्ची सरकवून सरळ उठायला 30. नेहमीच्या येण्याजाण्याच्या वाटेला 36 इंच द्या, 30 च्या खाली जाऊ नका. हातात गरम पातेलं घेऊन माणूस अंग चोरून चालू शकत नाही.

हे सगळं ग्राफच्या कागदावर काढा. एक चौकट म्हणजे 3 इंच धरली की ताईचं स्वयंपाकघर 32 बाय 44 चौकटींत बसतं. उघडी दारं तुटक रेषेने दाखवा.

3. जे हलत नाही ते आधी पक्कं करा

शेगडी, सिंक, सांडपाण्याची जाळी, खिडकी आणि प्लगपॉइंट कागदावर शाईने काढा. फ्रीज, टेबल आणि मांडणी पेन्सिलीने. शाईच्या गोष्टी हलवायच्या म्हणजे फरशी फोडणं आलं, प्लंबर आला, सोसायटीला पत्र आलं. नाश्त्याच्या जागेसाठी एवढं करायची गरज सहसा पडत नाही.

गॅसबद्दल इथेच सांगते, कारण पुढे हलवाहलवीच्या भरात तो विसरला जातो. सिलेंडर उभाच राहिला पाहिजे आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. सुरक्षा नळी 1.5 मीटरपेक्षा लांब नको आणि दर 5 वर्षांनी बदलायची. नळीवर छापलेली तारीख आत्ताच वाचून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे ओट्याखालच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला असलेली भोकं किंवा जाळी खोक्याने, बाकाने झाकू नका. रेग्युलेटरपर्यंत हात एका क्षणात पोचला पाहिजे. आधी दोन खुर्च्या सरकवायच्या आणि मग कप्पा उघडायचा, अशी मांडणी कागदावर कितीही सुंदर दिसली तरी रद्द करा. पाइपचा गॅस असेल तर नळी किंवा मीटरला स्वतः हात लावायचा नाही, कंपनीच्या माणसालाच बोलवायचं.

सावधान: गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा.

4. वाट आखा

आता कागद बाजूला ठेवून चिकटपट्टी घ्या. हॉलच्या वाटेपासून बाल्कनीच्या दारापर्यंत 36 इंच रुंदीची पट्टी फरशीवर आखा. ही घराची गल्ली. हिच्यात सकाळी काहीही कायमचं उभं राहणार नाही.

त्यानंतर ओट्यासमोरची, शेगडीपासून सिंकपर्यंतची उभं राहायची जागा आखा. ताईकडे या दोन पट्ट्या एकमेकींवर चढत होत्या. लांबट स्वयंपाकघरात असं होतंच, कारण बाल्कनीत जाणारा प्रत्येक जण स्वयंपाक करणाऱ्याच्या मागूनच जातो. यावर वाट वळवणं हा उपाय नाही, वळवायला जागाच नसते. ओटा आणि समोरचं सामान यांच्यात दोन माणसं मागे-पुढे मावतील एवढं अंतर राखायचं आणि खेपा कमी करायच्या. अंतरासाठी 48 इंच मिळाले तर उत्तम.

खेपा कमी करणं हीच पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

5. खाणाऱ्यांची हद्द वेगळी करा

नाश्त्याला बसलेल्या माणसाला जे जे लागतं ते स्वयंपाक करणाऱ्याच्या मागे न जाता मिळालं पाहिजे. एवढं साधलं की अर्धं काम झालं, टेबल जुनंच ठेवलं तरीही.

त्यासाठी 15 इंच रुंद आणि 12 इंच खोल अशी एक उभी मांडणी पुरते. जुन्या लोखंडी मांडणीचा अर्धा भाग असला तरी चालेल, फक्त भिंतीला वरून एक पट्टी लावून पक्की करा, नाहीतर मुलं कधी ना कधी तिला लोंबकळतातच. मांडणी हॉलच्या वाटेच्या बाजूला, टेबलाला लागून ठेवा. तिच्यावर काय ठेवायचं ते पहिल्या पायरीच्या कागदावरून ठरवा, मनाने नाही. ताईच्या कागदावरून असं ठरलं:

कमरेच्या उंचीला नळ असलेलं स्टीलचं छोटं पिंप आणि चार पेले. प्युरिफायर हलवायचा म्हणजे नळजोडणी हलवायची. त्यापेक्षा रात्री झोपताना पिंप भरून ठेवणं सोपं. त्याच्या वरच्या फळीवर नाश्त्याच्या ताटल्या, वाट्या आणि उभ्या डब्यात चमचे. त्याच्या वर साखर, मीठ, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, साजूक तुपाची बरणी. सगळ्यात खाली भाचीच्या हाताला येईल असा बिस्किटं-खाकऱ्याचा डबा आणि तिची पाण्याची बाटली. दूध फ्रीजमधून घ्यायचं असतं, म्हणून फ्रीजही हॉलच्या बाजूलाच, मांडणीला लागून.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे मांडणीवर जागा शिल्लक दिसली की तिथे डाळी, रवा, पोह्याचे मोठे डबे येऊन बसतात. ते स्वयंपाक करणाऱ्याचं सामान आहे, ते ओट्याच्या बाजूलाच राहिलं पाहिजे. ते इकडे आलं की उलट्या खेपा सुरू होतात. दुसरी म्हणजे चमचे आणि वाट्यांचा एकच साठा ठेवणं. दोन साठे करा. स्वयंपाकाचे डाव, कालथे, पळ्या तिकडे, खाण्याचे चमचे इकडे. घरात चमचे कधीच कमी नसतात, एकाच कप्प्यात कोंबलेले असतात एवढंच.

खरकट्या भांड्यांचंही आत्ताच ठरवा. टेबलापासून सिंकपर्यंतचा रस्ता शेगडीसमोरून जात असेल तर मांडणीच्या खालच्या फळीवर एक टब ठेवा. ताटल्या त्यात जमा करायच्या आणि नाश्ता उरकल्यावर एकदाच सिंककडे न्यायच्या.

तपासा: तुम्ही ओट्यापाशी उभे राहा आणि घरातल्या कोणालाही सांगा, पाणी, ताटली, चमचा, साखर आणि दूध घेऊन बस. त्या माणसाचा पाय तुमच्या आखलेल्या पट्टीत पडला, तर मांडणी अजून जमलेली नाही.

6. आता बसण्याच्या जागा

ताईने पूर्वी 4 फूट बाय अडीच फुटांचं चौघांचं टेबल घेतलं होतं. आकडेमोड बघा. स्वयंपाकघर 96 इंच रुंद, त्यातून ओट्याचे 24 आणि टेबलाचे 30 गेले की उरतात 42. टेबलाच्या लांब बाजूला कोणी बसलं की आणखी 20 गेले. स्वयंपाक करणाऱ्याला उरले 22 इंच. त्यात ट्रॉली पूर्ण उघडली की तिच्यासमोर उभं राहायला जागाच उरत नाही. दुकानात कुणी 42 मधून 20 वजा करून दाखवत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आम्ही 18 इंच खोल आणि 42 इंच लांब टेबल समोरच्या भिंतीला लावलं. ओटा आणि टेबल यांच्यात 54 इंच मिळाले. 18 इंच कमी वाटतात, पण जेवणाचं नेहमीचं ताट 12 इंचांच्या आसपास असतं, नाश्त्याची ताटली त्याहून लहान. समोर ताटली आणि बाजूला चहाचा कप सहज मावतो.

खरा फरक पडला तो खुर्च्यांच्या जागेने. त्या आम्ही टेबलाच्या लांब बाजूला न लावता दोन्ही टोकांना, भिंतीलगत लावल्या. टोकाला बसलेला माणूस गल्लीत येत नाही, तो भिंतीच्या रेषेतच राहतो, आणि उठताना अंग वळवून गल्लीकडे बाहेर पडतो, म्हणून त्याच्यामागे 30 ऐवजी 24 इंच पुरतात. लांबीचा हिशेब असा: हॉलच्या बाजूने फ्रीज बाजूच्या मोकळ्या जागेसकट 26, मांडणी 15, खुर्ची 24, टेबल 42, खुर्ची 24. एकूण 131 आणि भिंत 132 इंचांची. बाल्कनीचं दार बाहेर उघडतं म्हणूनच हे जमलं. तुमचं दार आत उघडत असेल तर त्या टोकाच्या खुर्चीची जागा दाराच्या तुटक रेषेबाहेर आहे ना, ते कागदावर पुन्हा बघा.

तिसरा माणूस आला तर लांब बाजूला मध्ये स्टूल. ते एरवी टेबलाखाली जातं. रविवारसाठी टेबलाच्या पुढच्या कडेला बिजागरीची 12 इंची फळी आहे. ती उचलली की खोली 30 इंच होते, टोकाच्या दोघांची ताटं भिंतीच्या बाजूला आणि पुढच्या दोघांची फळीवर. तेव्हा गल्ली बंद होते, हे मान्य आहे. म्हणून रविवारी आधी शेगडी बंद करायची, पोह्यांची कढई टेबलावर आणायची आणि मगच चौघांनी बसायचं.

तुमच्याकडे जागेचा आकार वेगळा असेल तर निवड अशी करा. चौकोनी कोपरा मोकळा असेल तर भिंतीलगत बाक चांगला, कारण मागे सरकायची जागा वाचते. बाकाची बैठक 17-18 इंच उंच आणि साधारण 16 इंच खोल, आणि टेबलाची कड बाकाच्या कडेवर दोन-तीन इंच आलेली. टेबलाला चार कोपऱ्यांत पाय असतील तर आत सरकणाऱ्याचे गुडघे आपटतात, तिथे मधोमध एका खांबावरचं टेबल घ्या. बाकात सामान ठेवायचं असेल तर समोरून ओढायचे खण करा. वरून उघडणाऱ्या झाकणाखाली काही हवं असलं की बसलेल्या सगळ्यांना उठवावं लागतं, मग ते सामान वर्षभर तिथेच पडून राहतं.

ओट्याचंच टोक वाढवून समोर उंच स्टूल लावण्याची पद्धत आता बऱ्याच घरांत दिसते. तरुण जोडप्याला ती ठीक आहे. ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्यांचे पाय जमिनीला पोचत नाहीत, त्यांच्यासाठी ती नको. आणि शेगडीपासून निदान दोन फुटांच्या आत कुठलीही बसायची जागा नको, मोठ्यांसाठीही नाही. कुकरची वाफ आणि तेलाचे शिंतोडे वय बघत नाहीत.

कोणी कुठे बसायचं हेही ठरवून टाका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हातांची खुर्ची द्या, बैठक इतरांपेक्षा इंचभर उंच असली तर उठणं सोपं जातं. सासूबाईंची जागा मांडणीच्या बाजूच्या टोकाला आहे, पाणी आणि औषधं बसल्या जागी हाताला येतात आणि त्यांना कुणासाठी उठून वाट द्यावी लागत नाही. लहान मुलांच्या पायाखाली पाट किंवा घट्ट बसणारी पायरी ठेवा. पाय लोंबकळले की मूल चुळबुळतं आणि कप सांडतो. डावखुऱ्या माणसाला डाव्या टोकाची जागा द्या, कोपराला कोपर लागत नाही.

जमिनीवर पाटावर बसून नाश्ता करणारी घरं आहेत आणि ती पद्धत मोडायची काही गरज नाही. फक्त गल्लीच्या पट्टीत पाट मांडू नका. बसलेल्याच्या डोक्यावरून कोणी गरम चहा नेत असतं.

7. पुठ्ठ्याची तालीम

ठेवलेलं खोकं आता काढा. टेबलाच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि ठरलेल्या उंचीला डब्यांवर किंवा दोन स्टुलांवर ठेवा. मांडणीच्या जागी खुर्चीवर टोपली ठेवली तरी चालेल. निदान चार सकाळी याच मांडणीत काढा. घरचे हसतील, हसू द्या.

या चार दिवसांत पुठ्ठा दोनदा-तीनदा सरकतो. ताईकडे पहिल्या बेतात टेबल बाल्कनीच्या भिंतीला अगदी टेकलेलं होतं आणि दोन्ही खुर्च्या हॉलच्या बाजूला होत्या. दुसऱ्याच दिवशी भाचीचं दप्तर आणि भावोजींची बॅग त्या खुर्च्यांमागे गल्लीत येऊन पडली. त्यावरून कळलं की बॅगांना जागा हवी. मांडणीच्या बाजूला कमरेच्या उंचीवर दोन दणकट हूक लावले आणि तो प्रश्न संपला. असं काही ग्राफच्या कागदावर सुचत नाही.

तपासा: चौथ्या दिवशी पुन्हा रेघांचा कागद लावा. रेघा निम्म्यावर आल्या नसतील तर सुताराला अजून बोलावू नका.

8. प्रत्यक्ष हलवणं, याच क्रमाने

सुट्टीचा दिवस धरा आणि त्या दिवशीचा नाश्ता आदल्या रात्रीच करून ठेवा किंवा बाहेरून मागवा. स्वयंपाक आणि हलवाहलव एकाच वेळी करू नका.

आधी रेग्युलेटर बंद करा. मग फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, आतले काचेचे ट्रे बाहेर घ्या. फ्रीज उभाच सरकवायचा, दोघांनी मिळून, खाली जुनी सतरंजी किंवा पुठ्ठा घालून. आडवा करावाच लागला तर नव्या जागी उभा केल्यावर लगेच चालू करू नका, काही तास तसाच ठेवा. मागे आणि बाजूला किती जागा सोडायची ते फ्रीजच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते वाचा आणि कागदावरच्या मापाशी जुळवा. फ्रीज हललेला आहे तोवर त्याच्यामागची भिंत आणि फरशी धुऊन घ्या, ही संधी वर्षानुवर्षं परत येत नाही.

फ्रीज बसला की मांडणी. मांडणी भिंतीला पक्की झाली की टेबल. खुर्च्या सगळ्यात शेवटी.

भिंतीला टेबल लावताना भिंत कशाची आहे ते आधी कळलं पाहिजे. वीट आणि काँक्रीट बोल्ट नीट धरतात. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधा गुल्ला काही महिन्यांत सैल होतो, तिथे त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास फास्टनर घ्या किंवा पुढच्या बाजूला सरळ पाय द्या. मी तर वीट असली तरी निदान एक पाय द्यायला सांगते. उठताना प्रत्येक जण टेबलावर हात टेकून भार देतो, वयस्क माणसं तर पूर्ण भार देतात. फळीसाठी 18-19 मिमीचा प्लायवूड आणि वर सनमायका पुरेसा. कोपरे गोल करून घ्या. गल्लीच्या बाजूचा टोकदार कोपरा नेमका मांडीला लागतो, आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतो.

सावधान: नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका. भिंतीतले पाइप आणि वायरी बहुतेक वेळा याच रेषांत असतात. सिंक किंवा बाथरूमची सामाईक भिंत असेल तर प्लंबरला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. ड्रिलिंगची वेळ सोसायटीच्या नियमांत बघून घ्या.

9. वीज, उजेड आणि वारा

फ्रीज नव्या जागी गेला की प्लग दूर पडतो आणि लोक एक्स्टेंशन बोर्ड आणतात. तसं करू नका. फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि टोस्टर यांना भिंतीतला स्वतंत्र, अर्थिंग असलेला पॉइंटच हवा. इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट वाढवून घेणं हा या कामातला टाळू नये असा खर्च आहे. टोस्टर किंवा इलेक्ट्रिक किटली टेबलावर वापरणार असाल तर वायर गल्ली ओलांडता कामा नये, आणि टेबलाच्या कडेवरून लोंबता कामा नये.

स्वयंपाकघरातला दिवा बहुधा ओट्यासाठी लावलेला असतो. टेबलाशी बसणाऱ्याची पाठ त्याच्याकडे आली की त्याच्या ताटात त्याचीच सावली पडते. मांडणीच्या किंवा वरच्या फळीच्या खालच्या कडेला एक छोटा एलईडी दिवा लावला की काम झालं.

पंख्याचा वारा शेगडीवर येऊ देऊ नका. ज्योत फडफडते, कधी विझतेही, आणि गॅस चालूच राहतो. भिंतीवरचा छोटा पंखा टेबलाच्या बाजूला, ओट्याकडे पाठ करून लावा.

10. पहिले पंधरा दिवस

खुर्च्यांच्या आणि स्टुलाच्या पायांना रबरी बूच किंवा नमद्याच्या चकत्या पहिल्याच दिवशी लावा. सकाळी साडेसहाला तुमची खुर्ची सरकली की खालच्या मजल्यावरच्या घरात कुणीतरी दचकून जागं होतं.

टेबलावर काय काय येऊन साचतं ते आठ दिवस बघा. जे रोज येतं त्याला शेजारीच जागा द्या, नुसती उचलून टाकू नका. वर्तमानपत्रासाठी भिंतीला एक कापडी खिसा, चष्म्यासाठी मांडणीवर एक वाटी, किल्ल्यांसाठी हूक. कुठून येतं हे कळलं नाही तर टेबल दर रविवारी आवरावं लागतं. पिंप कोणी भरायचं तेही एकाच माणसाकडे ठरवून द्या. ते एक सकाळ जरी रिकामं राहिलं तरी सगळे पुन्हा सिंकपाशी गर्दी करतात. ताईकडे हे काम भाचीने मागून घेतलं आहे, रात्री दप्तर भरलं की पिंप भरते.

पंधराव्या दिवशी भिंतीचे बोल्ट आणि बिजागरीचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. लाकूड आणि भिंत तोवर थोडी बसलेली असतात. उचलायची फळी रिकामी असताना कडेला दोन्ही हातांनी जोर देऊन बघा. कुरकुरली किंवा किंचित खाली झुकली तर आधाराचा ब्रॅकेट बदलून घ्या, आणि तोवर तिच्यावर गरम चहाची किटली ठेवू नका.